ओलूकरांच्या भाषेत जावक नाही

मी एकदा अख्खी भाषा तयार केली आणि तिच्यात 'जाते' हा शब्दच ठेवला नाही. विसरले असते तर एक वेळ चाललं असतं. पण मी तो मुद्दाम ठेवला नव्हता, आणि वर त्याबद्दल स्वतःची पाठ थोपटून घेतली होती. तीस वर्षं सरकारी कचेरीत आवक-जावकच्या टेबलावर बसलेल्या बाईनं असं करावं! आलेलं पत्र एका रजिस्टरात, गेलेलं दुसऱ्या रजिस्टरात. जन्मभर दोन्ही सांभाळली, आणि स्वतःची दुनिया बनवायची वेळ आली तेव्हा एकच उघडलं.

तेव्हा मी लहान होते. सदुसष्टची. आता एकाहत्तरची झाले, थोडी अक्कल आली आहे, म्हणून सांगते.

झालं काय, की मी पडले. तेही मूर्खपणानंच. मे महिना होता. मनीषनगरच्या आमच्या घरात गॅलरीला लावलेला कूलर आहे, त्याची वाळ्याची ताटी एका बाजूनं कोरडी राहत होती. "आई, स्टुलावर चढू नको," असं मुलगा सांगून गेला. सून सांगून गेली. नातीला सुट्ट्या होत्या, ती तर समोर उभी राहून सांगत होती. तिघांनी नको म्हटलं म्हणजे करायलाच हवं, असा माझा त्या लहान वयातला स्वभाव. ताटी ओली होती की कोरडी ते मला शेवटपर्यंत कळलं नाही. खालची फरशी मात्र ओली होती.

उजव्या पायाला मांडीपर्यंत प्लास्टर बसलं. आम्ही तिसऱ्या मजल्यावर. बिल्डिंग बांधणाऱ्यानं लिफ्टसाठी जागा सोडली होती, लिफ्ट सोडली नव्हती; त्या खड्ड्यात आता लोकांच्या जुन्या सायकली असतात. दवाखान्यातून मला खुर्चीवर बसवून चौघांनी वर चढवलं, तेव्हाच माझ्या ध्यानात आलं, की आता प्लास्टर सुटेपर्यंत हा जिना माझा नाही.

खिडक्या बंद, पडदे बंद, कूलरची घरघर. सकाळी नऊनंतर बाहेर बघायचं म्हटलं तरी डोळे मिटायचे. माझा पलंग बैठकीत आणून ठेवला होता, घराच्या बरोबर मधोमध. स्वयंपाकघरात जाणारा माझ्यावरून जाणार, बाहेर जाणाराही माझ्यावरून. मी छतावरच्या पंख्याची पाती मोजायची. तीन. परत मोजली तरी तीन.

इथंच एक गोष्ट सांगून ठेवते, म्हणजे तुम्हाला माझ्यासारखं उशिरा कळायला नको. त्या उन्हाळ्यात माझ्या सुनेला पुण्याला जायचं होतं. ती हिंगण्याच्या एका कारखान्यात, तयार माल तपासायच्या प्रयोगशाळेत आहे. कंपनीनं तिला पुण्याच्या कारखान्यात सहा महिने नव्या यंत्रांचं काम शिकायला बोलावलं होतं. परत आली की इथली प्रयोगशाळा तिच्याच हाताखाली. जूनमधल्या एका शनिवारपर्यंत होकार कळवायचा होता. हे तिला माहीत होतं. माझ्या मुलाला माहीत होतं, पण त्यानं "बघू" म्हटलं होतं; तो जन्मला तेव्हा रडायच्या आधी 'बघू' म्हणाला असावा. नातीलाही माहीत होतं. मला नव्हतं. मी ग्रह बनवण्यात गुंतले होते.

ग्रह नातीचा. ती बारा वर्षांची, आणि परग्रहावरच्या लोकांचं पुस्तक लिहीत होती. जाड वही, पुठ्ठ्यावर सहा पायांचा एक प्राणी काढलेला.

"सहा पाय काहून वं?" मी विचारलं.

"चार काढले होते. तू पडल्यावर दोन वाढवले."

हे मला पटलं. एक मोडला तरी पाच राहतात. त्या दिवसापासून मी त्या पुस्तकात घुसले. नात चित्रं काढणार, मी चालीरीती आणि भाषा बघणार, असं ठरलं. तिनं मला विचारून ठरवलं नव्हतं, मीच जाहीर केलं होतं.

ग्रहाचं नाव ठेवलं ओलू. ओलू म्हणजे सावली. राहणारे ते ओलूकर. तिथला सूर्य मावळतच नाही, आकाशात ठाण मांडून नुसता गोल गोल फिरतो. ही कल्पना कुठून आली ते सांगायला नको. झाडं नाहीत, ढग नाहीत. पोकळ दगडात घरं. बाहेर सावली एकच मिळते, दुसऱ्याच्या अंगाची. म्हणून ओलूकर एकमेकांना भेटले की नमस्कार करत नाहीत. धाकटा सूर्याकडे पाठ करून अशा बेतानं उभा राहतो, की त्याची सावली थोरल्यावर पडावी. जेवढा मान मोठा, तेवढी सावली दाट. घरातला सगळ्यात म्हातारा ओलूकर मधोमध बसतो आणि बाकीचे त्याच्याभोवती उभे असतात.

"आणि उन्हात कोण उभं राहतं?" नातीनं विचारलं.

"जो कामाचा आहे तो."

काय सुंदर संस्कृती आहे, असं मला वाटलं. वहीत मी ते माझ्या कचेरीच्या वळणदार अक्षरात लिहून काढलं.

मग भाषा. ओलूकरांचं तोंड लहान, कारण उन्हात तोंड उघडलं की घसा सुकतो. म्हणून शब्द आखूड. पाणी म्हणजे 'बि'. भूक म्हणजे 'गा'. दगडाच्या घराला 'ठुम'. प्रत्येक शब्द मी आधी मोठ्यानं म्हणून बघायची, मग नात म्हणायची, मग दोघी मिळून म्हणायचो. दुपारी दाराची बेल वाजवून खालच्या मजल्यावरची बाई विरजण मागायला आली, तेव्हा आम्ही दोघी "गा गा ठुम" करत होतो. तिनं आठवडाभर कुठलंच विरजण मागितलं नाही.

पंधरा दिवसांत पाच पानं शब्द झाले. एक दिवस नात पेन्सिल चावत म्हणाली, "आजी, 'जाते'ला काय म्हणू?"

"'जाते' नाहीच ठेवायचं."

"म्हणजे?"

"आपण तरी म्हणतो का? घराबाहेर पडताना 'येते' म्हणतो." आणि मी तिला माझ्या लहानपणची गोष्ट सांगितली. मी सात वर्षांची असताना शाळेत निघाले आणि तोंडातून "जाते" निघून गेलं. माझ्या आजीनं मला फाटकातून परत बोलावलं, पाटावर बसवलं, गडवाभर पाणी प्यायला लावलं आणि म्हणाली, "आता येतो म्हण." मी येतो म्हटलं, तेव्हा कुठे सुटका. शाळेत उशीर झाला म्हणून मास्तरांनी वेगळं उभं केलं. पण त्यानंतर आजतागायत माझ्या तोंडून घर सोडताना 'जाते' निघालेलं नाही.

"म्हणून ओलूकरही फक्त 'येते' म्हणतात," मी निकाल दिला. "त्याला शब्द 'लुमी'. जो बाहेर पडेल त्यानं 'लुमी' म्हणायचं, आणि सावली फिरायच्या आत परत यायचं."

"पण कोणाला खरंच जायचं असलं तर?"

"कुठं जाईल वं? बाहेर ऊन आहे!"

नात बराच वेळ माझ्याकडे बघत राहिली. मला वाटलं, माझ्या हुशारीनं थक्क झाली.

त्यानंतर घरात 'लुमी' सुरू झालं. सकाळी सात वाजता कोपऱ्यावर सुनेची कंपनीची बस यायची. डबा, पाण्याची बाटली, ओढणी तोंडाला गुंडाळलेली, आणि दारातून मान वळवून ती म्हणायची, "लुमी, आई." मी पलंगावरून विचारायची, "सावली कधी फिरते?" म्हणजे किती वाजता येशील. ती म्हणायची, "सहाला." सहाला दहा मिनिटं उशीर झाला, की मी नातीला सांगायची, "लाव फोन तुझ्या आईला. विचार, लुमी कुठवर आली." मला कंटाळा यायचा, एकटं वाटायचं, प्लास्टरच्या आत खाज सुटायची, आणि या खेळानं दिवसाला दोन टोकं मिळायची. मी मधोमध बसलेली सगळ्यात म्हातारी ओलूकर होते. माझ्यावर सगळ्यांची सावली पडत होती. बाहेर हिंगण्याच्या रस्त्यावर पंचेचाळीस डिग्री ऊन होतं, आणि तिथून सून रोज सहाच्या सुमारास येत होती. तिलाही खेळ आवडतो असं मी धरून चालले होते.

एका संध्याकाळी चहा पिता पिता तिनं सहज विचारल्यासारखं विचारलं, "आई, तुमच्या त्या ओलूकरांत कोणाची बदली झाली तर काय म्हणतात?"

"बदल्या होतच नाहीत तिथं!" मी हसले. "तेवढं तरी सुख असू दे की बिचाऱ्यांना."

तिनं कप उचलले आणि आत गेली. माझा कप अर्धा भरलेला होता, तोही घेऊन गेली. आणि सदुसष्ट वर्षांच्या त्या विद्वान बाईला यात काही खटकलं नाही. तिनं फक्त चहा परत मागितला.

जून लागला. एका दुपारी नातीनं मला नवं प्रकरण वाचून दाखवलं. एक ओलूकरीण असते. तिला दुसऱ्या चंद्रावर जायचं असतं, कारण तिथं दगड कापायची नवी विद्या शिकवतात. ती दाराशी येते आणि तोंड उघडते, पण तोंडात शब्द एकच, लुमी. लुमी म्हटलं की परत यावंच लागतं. म्हणून ती रोज निघते, अर्ध्या वाटेपर्यंत जाते, सावली फिरायला लागली की मागे वळते. असं रोज. तिच्या पायांनी त्या वाटेवर घळ पडते, अर्ध्यापर्यंतच.

"चांगलं लिहिलंस," मी म्हटलं. "पण ही ओलूकरीण बावळट दिसते. जायचं तर सरळ निघून काहून नाही जात?"

"शब्दच नाही ना, आजी. तूच नाही ठेवला."

"शब्द नसला म्हणून काय झालं? कोणी दार लावून घेतलं का तिचं?"

"दार नाही लावलं. सगळे वाट पाहून राहतात ना." मग ती चिडून म्हणाली, "आणि पुण्याला काय असं न सांगता जाता येते?"

म्हटलं मात्र, आणि तिनं वही तोंडावर धरली. सहा पायांचा प्राणी माझ्याकडे बघत होता.

मग सगळं बाहेर आलं. शनिवारपर्यंत कळवायचं होतं. तो बुधवार होता. सून 'नाही' कळवणार होती, कारण आजीचा पाय.

आता इथं मी शहाण्यासारखं वागले असं लिहायला मला आवडलं असतं. पण सांगते ते खरंच सांगते. पहिल्यांदा माझ्या मनात आलं ते हे, की मग मला संडासाला कोण नेणार? मुलाला मी नेऊ देणार नव्हते, लाजेनं मेले असते. दुसरं मनात आलं, की मला तर कोणी काही सांगितलेलंच नाही, म्हणजे मला काही माहीतच नाही. शनिवार गेला की आपोआप मिटेल. बुधवारची संध्याकाळ आणि अख्खा गुरुवार मी नेहमीपेक्षा जास्त कण्हले. उशी वर करायला दोनदा हाक मारली. सुनेनं दोनदा वर करून दिली. "दुखते काय आई?" "नाही वं, चालते." असं म्हणायचं आणि डोळे मिटायचे. यात मी फार तरबेज होते.

मिटलेल्या डोळ्यांनीच मला माझी सासू दिसली. मी चौतिसाची असताना मला बढती मिळत होती. अमरावतीला. माझी सासू वाईट नव्हती. ती फक्त एवढंच म्हणाली, "जा ना वं, तुले कोण अडवते? ये फक्त लवकर." आणि मी नाही गेले. आवक-जावकच्या टेबलावरच राहिले. नंतर जन्मभर मी सगळ्यांना सांगत आले, की घरासाठी मी अमरावती सोडली. सांगताना माझा आवाज कापायचा. पण मला कोणी अडवलं होतं ते कधी सांगता आलं नाही, कारण कोणीच अडवलं नव्हतं. त्या 'ये लवकर'ला कडी नव्हती, कुलूप नव्हतं. नुसतं उभं राहून वाट बघणारं घर होतं. तेच घर मी ओलूवर नेऊन ठेवलं होतं, सहा पाय लावून. आणि वर म्हणाले होते, काय सुंदर संस्कृती आहे.

शुक्रवारी संध्याकाळी मी नातीला वही आणायला सांगितली आणि सुनेला समोर बसवलं. "भाषेत एक शब्द वाढवायचा आहे," मी म्हटलं. "जायचा."

मी तीन शब्द सुचवले. प्रत्येकाला नातीनं विचारलं, याचा नेमका अर्थ काय? मी सांगितलं: 'जाऊन लवकर येते', 'जाते पण काळजी करू नका', 'जाते, रोज फोन करते'. "आजी, तुझ्यानं होत नाही," नात म्हणाली, आणि तिनंच लिहिलं: 'तक'. तक म्हणजे जाते. पुढं काही नाही.

"आणि तक म्हणणारा आपली सावली सोबत घेऊन जातो," मी रीत घातली. "मागच्यांनी आपापली सोय करायची." मग सुनेला म्हटलं, "म्हण."

सून म्हणाली नाही. ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत बसली. मग एकदम म्हणाली, "आई, मला खेळात नका घेऊ. महिनाभर लुमी म्हणतेय मी. बसमध्ये मैत्रिणी हसून राहिल्या, सहा वाजले की तुझा फोन येतेच म्हणून. मी पुण्याचं बोलले असते तर तुम्ही काय केलं असतं? पाणी पाजून बसवलं असतं."

"हो," मी म्हटलं. "बसवलं असतं."

तिला माझ्याकडून हे अपेक्षित नव्हतं. मलाही नव्हतं.

"मग आता?"

"आता पाणी भरायलाच मला उठता येत नाही. तोवर निघून जा."

नात हसली. सून हसली नाही, तिच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि ती रागानंच म्हणाली, "आणि तुमचं कसं होईल? न्यायचं, आणायचं?"

"सकाळ-संध्याकाळ बाई ठेवू. तुझ्या नवऱ्याला पोळ्या येत नाहीत हे त्याचं दुःख, माझं नाही."

मुलगा नेमका तेव्हाच आत आला. काय चाललंय ते ऐकून म्हणाला, "बघू." आम्ही तिघी एकदम म्हणालो, "तक!" त्याला काही कळलं नाही, पण तो गुपचूप हातपाय धुवायला गेला.

शनिवारी तिनं होकार कळवला. म्हणून मी सुटले असं नाही. नवी बाई आली, तिचे हात गार आणि घाईचे होते. मला तिची लाज वाटायची आणि तिला माझी कीव. प्लास्टर होतंच, जिना होताच. सून जाणार त्या दिवसापर्यंत मी रोज मनातल्या मनात एकदा तरी ठरवायची, की पाय फारच दुखतो असं सांगावं. सांगितलं नाही, एवढंच. त्याचंही कौतुक नको. तो शब्द वहीत शाईनं लिहिला गेला होता आणि नात पहारा देत होती.

निघायच्या सकाळी माझी खुर्ची दारापर्यंत ओढून आणली. मी सुनेच्या तळहातावर दही-साखर ठेवली. ती पाया पडायला वाकली, पण प्लास्टरच्या कोणत्या टोकाला हात लावायचा ते तिला कळेना, शेवटी तिनं गुडघ्यावर थोपटलं. नातीनं नाक ओढलं. मुलगा दोन बॅगा घेऊन पुढे गेला होता. आम्ही दोघी तिच्या तोंडाकडे बघत होतो. तिनं मान वळवली, रोजच्यासारखी, आणि रोजच्यासारखंच तोंडातून निघालं, "येते, आई."

मीही "ये" म्हणून गेले. सवय.

तिची पावलं खाली खाली गेली. दुसरा मजला, पहिला. मग थांबली. मला वाटलं, बॅग अडकली असेल सायकलींत. मग पावलं परत वर यायला लागली, भराभर, दोन दोन पायऱ्या घेत. दारात ती उभी राहिली तेव्हा धाप लागली होती, ओढणी सुटली होती, कपाळावर घाम. मी घाबरून विचारलं, "काहून वं, काय राहिलं?"

तिनं चौकटीला हात टेकवला, एक श्वास घेतला आणि म्हणाली, "आई, मघाशी सवयीनं येते म्हटलं मी. जाते. आणि पाणी नका देऊ, खाली ऑटो उभा आहे."